इंग्रजी-फ्रेंच वाक्प्रचार: जोडीने शिकावेत की प्रसंगाने?

इंग्रजी वाक्प्रचार फ्रेंचच्या जोडीने पाठ करायचे ठरवलं, की दोन पद्धती समोर येतात. एक जोडीची वही: डावीकडे इंग्रजी, उजवीकडे फ्रेंच. दुसरी प्रसंगाची कार्डं: पुढच्या बाजूला मराठीत प्रसंग, मागे दोन्ही भाषांतली पूर्ण वाक्यं.

वही भराभर होते, आणि दोन्हीकडे चित्र सारखं असेल तिथे ती छान चालते. 'ब्रेक द आइस' आणि 'ब्रिझे ला ग्लास', दोन्हीकडे बर्फच फुटतो. घोड्यापुढे गाडी जोडणारी इंग्रजी म्हण फ्रेंचमध्ये बैलांपुढे नांगर जोडते. तीही लक्षात राहते.

अडतं ते मांजरापाशी. घसा खरखरला, की इंग्रजाच्या घशात बेडूक असतो, फ्रेंच माणसाच्या घशात मांजर: 'आव्वार अँ शा दाँ ला गोर्ज'. दुसरी कामं पडली असतील तर इंग्रजीत दुसरे मासे तळायचे असतात, फ्रेंचमध्ये दुसऱ्या मांजरांना फटके द्यायचे असतात. स्पष्ट बोलायचं तर इंग्रजीत फावड्याला फावडं म्हणतात, फ्रेंचमध्ये मांजराला मांजर. उलट गुपित फोडताना इंग्रजी मांजर पिशवीतून बाहेर येतं, पण फ्रेंचमध्ये मांजर नाहीच, तिथे वात विकतात: 'वाँद्र ला मेश'. वहीत हे एका पानावर आलं, की महिन्याभरात तोंडातून 'आय हॅव अ कॅट इन माय थ्रोट' निघतं. शब्दाला शब्द चिकटतो आणि अर्थ बाजूला पडतो. माझ्यापुरता तरी निकाल इथेच लागला.

दुसरी खोट व्याकरणाची. वेळ देऊन न येणं म्हणजे फ्रेंचमध्ये 'ससा ठेवणं': 'पोझे अँ लापँ'. वहीत शेवटचा 'आ केल्कँ' (कुणाला तरी) हा तुकडा गाळला जातो. मग 'तो तिला भेटायलाच आला नाही' म्हणताना 'इल ला पोझे अँ लापँ' असं चुकीचं वाक्य तयार होतं. बरोबर वाक्य 'इल ल्वी आ पोझे अँ लापँ'. कार्डावर पूर्ण वाक्य असतं, म्हणून 'ल्वी' सुटत नाही.

कार्डं करायला वेळ लागतो, हे मान्य. एका बैठकीत पाचाच्या वर करू नयेत, आणि एकच प्राणी असलेले दोन वाक्प्रचार एका दिवशी घेऊ नयेत. पहिली उजळणी दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, मग दहाव्या दिवशी. पुढच्या बाजूला मराठी म्हण लिहू नका, प्रसंग लिहा. 'बाजारात तुरी' लिहिलं तर भट-भटणीचं भांडण आठवतं. त्याऐवजी लिहा: 'नोकरीचं पत्र अजून हातात नाही आणि हा गाडी बुक करायला निघालाय.' मागे इंग्रजीत न फुटलेल्या अंड्यांतली पिल्लं मोजू नकोस, फ्रेंचमध्ये अस्वल मारण्याआधी त्याचं कातडं विकू नकोस. कोपऱ्यात 'घरगुती' की 'कुठेही चालेल' ही खूण करा. 'कासे सा पीप' (मरणं, शब्दशः आपला पाइप फोडणं) मित्रांत चालतं, डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेतल्या औपचारिक पत्रात नाही.

इंग्रजी आधीच पक्कं असेल, किंवा काम भाषांतराचं असेल, तर वहीही पुरेल. मात्र मांजरांना एकेक वेगळं पान द्या.