लिनक्सचे मल्टिपाथ: तुटलेला मार्ग सांभाळते, अर्धवट चालणाऱ्या मार्गापुढे फसते

रत्नागिरीजवळच्या मिरजोळे औद्योगिक वसाहतीत आंबा-पल्पच्या एका कारखान्याचे दोन सर्व्हरांचे क्लस्टर (एक बंद पडला तर दुसऱ्याने काम उचलावे अशी जोडी) मी सांभाळतो. त्यामागे दोन कंट्रोलरांचे आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क वापरण्याची पद्धत) स्टोरेज असून, तिथपर्यंतचे चार मार्ग अल्मालिनक्स 9 या लिनक्स प्रणालीसोबत येणारे डिव्हाइस-मॅपर मल्टिपाथ हे साधन एकत्र बांधते. बिघाड शोधताना हे साधन कितपत कामास येते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

सरळसोट बिघाडात ते चोख आहे. खाऱ्या, दमट हवेने केबलीच्या टोकांवर हिरवट थर चढतो आणि एखादा पोर्ट गप्प होतो. अशा वेळी एक मार्ग गळतो, पण डेटाबेस अडखळतही नाही. मात्र याची नोंद केवळ लॉगमध्ये होत असल्याने, वेगळी देखरेख लावली नसेल, तर दुसरा मार्ग जाईपर्यंत पहिला गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

खरी परीक्षा झाली ती वळवाच्या पावसात विजेने एक स्विच जळाल्यावर. पुरवठादाराने बदली स्विच बसवून दिला, दिवे लागले, चारही मार्ग ‘अ‍ॅक्टिव्ह रेडी’ दिसू लागले. तरीही पल्पच्या बॅचची नोंद करताना पडदा मध्येच गोठत असे. लॉग उघडला, तर त्या स्विचवरचे दोन मार्ग पडत होते, काही सेकंदांत परत येत होते आणि पुन्हा पडत होते. कारण असे की, सर्व्हर आणि स्टोरेज दोन्हीकडे एमटीयू (एका फ्रेममधून, म्हणजे नेटवर्कवरच्या एका पुडक्यातून, जाणाऱ्या माहितीची कमाल मर्यादा) 9000 बाइट होता, पण नवा स्विच मोठ्या फ्रेम मुकाट्याने टाकून देत होता. मल्टिपाथ मार्ग तपासते ते ‘टेस्ट युनिट रेडी’ या चिमुकल्या आज्ञेने. तिचा आयस्कझी शीर्षभाग अवघा 48 बाइटांचा असल्याने ती बिनदिक्कत पार होते, मार्ग सुदृढ ठरतो, त्यावर मोठे लेखन सोडले जाते आणि ते अडकते. हा दोष पकडला साध्या पिंगने (समोरचे यंत्र उत्तर देते का, हे पाहणाऱ्या आज्ञेने): तुकडे करण्यास मनाई करून 8972 बाइटांचा भार पाठवला, तेव्हा जुन्या स्विचवरून उत्तर आले, नव्यावरून आले नाही. 9000 मधून आयपी शीर्षभागाचे 20 आणि पिंग ज्यावर चालते त्या आयसीएमपीच्या शीर्षभागाचे 8 बाइट वजा केले की हा आकडा मिळतो. अशा लहरी मार्गांना बाजूला ठेवण्यासाठी ‘मार्जिनल पाथ’ नावाच्या मांडण्या (सेटिंग) मल्टिपाथमध्ये आहेत, पण त्या मुळात बंद असतात, आणि हे मला खटकते.

क्लस्टरवाल्यांनी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. सर्व मार्ग गेल्यावर काम अनंत काळ रांगेत ठेवण्याची मांडणी असेल, तर नोड (क्लस्टरमधला एक सर्व्हर) मरतही नाही आणि जगतही नाही. त्रुटी वर पोहोचत नसल्याने सेवा दुसऱ्या नोडवर सरकणे रखडते. पुनःप्रयत्न 12 ठेवले आणि तपासणीचे अंतर मूळचे 5 सेकंद असले, तर साधारण मिनिटभरात निकाल लागतो. दुसरे म्हणजे मल्टिपाथने डिस्कना दिलेली सुटसुटीत नावे: ‘एमपाथ-ए’ हे नाव दोन्ही नोडांवर एकाच डिस्कचे असेलच असे नाही, म्हणून डब्ल्यूडब्ल्यूआयडीशी (डिस्कच्या एकमेव ओळखक्रमांकाशी) बांधलेली टोपणनावे दोन्हीकडे सारखी लिहावीत.

मॅन्युअलमध्ये प्रत्येक मांडणीचा अर्थ नीट दिलेला आहे, पण या लक्षणाला ही मांडणी पाहा, असा धागा कुठेच जोडलेला नाही. साधन मोफत आहे आणि बहुतेक प्रचलित स्टोरेजसाठी योग्य मूल्ये त्यात आधीच भरलेली असतात. पाचपैकी साडेतीन गुण देतो. कापलेल्या दीड गुणांपैकी एक पूर्ण गुण त्या 48 बाइटांच्या भाबड्या तपासणीचा आहे.