प्रागमधली यान पालाखची स्मारकं: काय बघावं, कुठे चुकतं

वेन्सेस्लास चौकात घोडेस्वाराच्या पुतळ्याजवळ पालाखचा चेहरा असलेला फलक दिसतो आणि बहुतेक पर्यटक तिथूनच परत फिरतात. तो फलक साम्यवादी राजवटीच्या बळींचा आहे. पालाखची खरी जागा वर, मोठा रस्ता ओलांडल्यावर राष्ट्रीय संग्रहालयासमोर आहे. सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसून पाच महिने झाले होते आणि लोक हळूहळू गप्प बसू लागले होते. तेव्हा, १६ जानेवारी १९६९ला, चार्ल्स विद्यापीठाच्या या २० वर्षांच्या विद्यार्थ्यानं इथे आत्मदहन केलं. तीन दिवसांनी तो गेला. सेन्सॉरशिप उठवा आणि फौजांचं प्रचारपत्र बंद करा, या त्याच्या दोन मागण्या होत्या.

इथला ब्राँझचा क्रूस फरसबंदीतच बसवलाय, उभा नाही. त्यामुळे नजर खाली ठेवून शोधावा लागतो. खालून काहीतरी वर येऊ पाहतंय अशी फरशी तिथे फुगलेली आहे. पालाखसोबत यान झायित्सचंही नाव आहे. हा १८ वर्षांचा मुलगा फेब्रुवारीत त्याच वाटेनं गेला. शहरातलं सर्वांत नेमकं स्मारक हेच.

मेट्रोचं कागदी तिकीट फलाटाकडे उतरण्याआधी पिवळ्या मशीनमध्ये छापून घ्या, नाहीतर दंड बसतो. संग्रहालयाजवळच्या मुझेउम स्टेशनहून ए मार्गावर दुसरं स्टेशन स्तारोमेस्त्स्का. बाहेर पडताच पालाख चौक. तो शिकत होता त्या विद्याशाखेच्या भिंतीवर शिल्पकार झोउबेकनं घेतलेला त्याच्या चेहऱ्याचा मृत्यूमुखवटा आहे. नदीकडची टोकदार सळ्यांची दोन घरं म्हणजे शिल्पं आहेत, एक मुलाचं आणि एक आईचं. हे आधी माहीत नसेल तर नुसतं आधुनिक शिल्प वाटतं.

पालाखची कबर असलेली ओल्शानीची दफनभूमी मात्र चुकवू नका. फ्लोरा स्टेशनला उतरा, मुख्य दारातून आत गेल्यावर उजवीकडे वळा. लोक फुलं आणतात म्हणून पोलिसांनी १९७३मध्ये इथून त्याचा देह उकरून दहन केला, अस्थी आईकडे पाठवल्या आणि कबरीत दुसऱ्याच एका बाईंना पुरलं. अस्थी परत आल्या त्या १९९०मध्ये.

त्याच्या गावी, व्शेतातीला, राहत्या घराचं स्मारक २०१९पासून खुलं आहे. प्रागहून रेल्वेनं जाता येतं. निघण्याआधी राष्ट्रीय संग्रहालयाच्या संकेतस्थळावर उघडण्याचे वार बघून घ्या.