जुन्या क्लच प्लेटा मागून घेतल्या, तरीही फसवणूक झालीच

गॅरेजमधून जुने पार्ट परत मागून घ्या, हा सल्ला गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला कोणी ना कोणी दिलेला असतो. मीही मागितले होते. मिस्त्रीने जराही कुरकुर न करता दिले, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळी बांधून. फक्त ते माझ्या गाडीचे नव्हते. पुढे घरी स्वतः क्लच उघडला तेव्हा हे कळलं. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितोय, कारण हा डाव बेफिकीर गिऱ्हाइकासाठी नाहीच. जो जुने पार्ट मागतो, बिल मागतो, त्याच्यासाठीच तो रचलेला आहे.

गाडी म्हणजे रॉयल एन्फिल्डची मोटरसायकल, हिमालयन, ४११ सीसीची. सिंधुदुर्गातून परत येताना आंबोलीचा घाट चढत होतो. मागे बायको, दोन्ही बाजूंना गच्च भरलेल्या बॅगा. वळणावर रेस दिली की इंजिन ओरडायचं, आरपीएमचा काटा वर पळायचा, पण गाडी काही त्या मानाने ओढायची नाही. क्लच स्लिप होतोय हे कळायला मिस्त्री असावं लागत नाही. सपाटीवर, वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात असताना एकदम रेस वाढवून बघा. आवाज वाढला आणि वेग नाही वाढला, तर क्लच पकडत नाहीये.

घाटमाथ्यावरून हायवेकडे येताना एका गावात गॅरेज दिसलं. पाटीवर बुलेट स्पेशालिस्ट वगैरे लिहिलेलं, बाहेर चार-पाच गाड्या उभ्या. पोरगेलासा मिस्त्री, बोलायला अत्यंत गोड. त्याने ऑइलचं झाकण उघडलं, वास घेतला आणि मान हलवली.

"प्लेटा पार जळाल्यात बघा सायब. वास येतोय न्हवं? अशी गाडी घेऊन पुण्यापर्यंत काय जात न्हाई."

प्लेटा त्याच्याकडे तयार होत्या म्हणे. कंपनीच्याच. वहिनींना ऊन लागतंय, समोरच्या खानावळीत जेवून या, दोन तासांत गाडी तयार ठेवतो. मी म्हटलं, जुन्या प्लेटा मला दाखवायच्या आणि परत द्यायच्या. "दाखवतो की. तुमचाच माल हाय," असं म्हणून त्याने लगेच पान्यांची पेटी पुढे ओढली.

जेवून आलो तर सगळं व्यवस्थित. खाली ट्रेमध्ये काळं ऑइल काढलेलं. इंजिनच्या उजव्या बाजूच्या कव्हरच्या कडेने राखाडी सिलिकॉनची ताजी रेघ. काळ्या पडलेल्या प्लेटांचा गठ्ठा वर्तमानपत्रावर मांडून ठेवलेला. बायको म्हणाली, बघा, किती प्रामाणिक माणूस. चक्कर मारून पाहिली, गाडी खरंच ओढत होती. प्लेटा, स्प्रिंगा, गॅस्केट, ऑइल, मजुरी धरून साडेसहा हजार झाले. पक्कं बिल नव्हतं, पॅडवर लिहून शिक्का मारून दिलं. पैसे यूपीआयने दिले, आणि पुढे कामी आली ती ही एवढीच गोष्ट.

आता इथे थोडं क्लचबद्दल सांगायला हवं, नाहीतर गाडी तात्पुरती सुधारली कशी हे कळणार नाही.

अशा गाड्यांत क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. घर्षणाच्या प्लेटा आणि स्टीलच्या प्लेटा भाकऱ्यांच्या चळतीसारख्या आलटून पालटून रचलेल्या असतात आणि स्प्रिंगा त्यांना घट्ट दाबून धरतात. त्या दाबामुळेच इंजिनची ताकद चाकापर्यंत पोचते. लिव्हर ओढला की हा दाब सुटतो. म्हणून लिव्हरला सुरुवातीला थोडी सैल चाल लागते, साधारण दोन-तीन मिलिमीटर. प्लेटा झिजत जातात तशी बऱ्याच गाड्यांत ही चाल कमी होत जाते. ती शून्यावर आली की तुम्ही लिव्हरला हात न लावताही क्लच किंचित ओढलेलाच राहतो. दाब पुरेसा बसत नाही, प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात, तापल्या की आणखी झिजतात. यावर पहिला उपाय पाच मिनिटांचा आहे: केबलचा ॲडजस्टर फिरवून चाल परत द्यायची. गाडी तिथल्या तिथे ओढायला लागते.

दुसरं कारण ऑइल. कारचं ऑइल मोटरसायकलमध्ये घातलं की क्लच घसरू शकतो, कारण कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात आणि आपल्याला तर प्लेटांमध्ये घर्षणच हवं असतं. डब्यावर जासो (JASO) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघायचं, म्हणजे ते ऑइलमधल्या क्लचला चालतं. एमबी लिहिलेलं ऑइल बिनगिअरच्या स्कूटरसाठी ठीक, कारण तिचा क्लच कोरडा असतो.

त्या मिस्त्रीने नेमकं हेच केलं होतं. केबल सैल केली, ऑइल बदललं. शंभर-दोनशे रुपये मजुरी आणि ऑइलचे पैसे घेतले असते तर मी त्याला दुवा दिला असता.

पावसाळा संपल्यावर साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या घाटात पुन्हा तोच प्रकार. या वेळी आधी केबल तपासली. चाल बरोबर होती, तरी क्लच घसरत होता. नवीन प्लेटा इतक्या लवकर जातात कशा? मित्र म्हणाला, लोकल माल घातला असेल. तेव्हा माझाही संशय तेवढ्यापुरताच होता. ठरवलं की आता दुसऱ्या कोणाच्या हातात गाडी द्यायची नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच उघडायची. मित्राकडे टॉर्क पाना (बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा) होता, सर्व्हिस मॅन्युअल होतं. क्लचच्या प्लेटा बदलणं हे इंजिन उघडण्याइतकं भयंकर काम नाही. ऑइल काढायचं, केबल सोडवायची, आड येणारं सामान बाजूला करायचं, कव्हरचे बोल्ट काढायचे. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून एका पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवायचे. हे पुठ्ठ्याचं एवढं मनावर घ्याच. लांब बोल्ट आखूड भोकात पिळला तर कव्हरचे आटे जातात आणि मग खर्चाला सुमार राहत नाही.

काढायच्या आधी बोल्ट धुऊन घेतले तेव्हाच पहिला धक्का बसला. त्यांतल्या काहींच्या डोक्यावरून कव्हरवर आलेली कारखान्यातली रंगाची खूण होती, अखंड, न तुटलेली. एकदा पाना लागला की ती रेघ जुळत नाही. मित्राने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.

कव्हर निघेचना. रबरी हातोडीने हलकेच ठोकत ठोकत काढलं. आत कागदी गॅस्केट भाजून दोन्ही बाजूंना चिकटलेलं, सुरीने खरवडावं लागेल असं. सिलिकॉन आत कणभरही नव्हतं. सांध्यावरून बाहेरूनच बोट फिरवलेलं. नखाने ओढलं तर अख्खी पट्टी निघून हातात आली.

मग मी घरातून ते वर्तमानपत्राचं पुडकं आणलं. माळ्यावर टाकून दिलेलं, सुतळीसकट. घर्षणाच्या प्लेटेला बाहेरच्या कडेला कान असतात, ते बास्केटच्या, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या डब्याच्या, खाचांत बसतात. पुडक्यातली प्लेट बास्केटजवळ धरली तर कानांचा आणि खाचांचा मेळच बसेना, आणि व्हर्नियरने मोजलं तर व्यासही लहान. कुठल्या तरी भलत्याच गाडीच्या प्लेटा. तो गठ्ठा त्याने किती गिऱ्हाइकांना दाखवला असेल कोण जाणे. मी मागून घेतला म्हणून त्याला नवीन जमवावा लागला असेल, एवढंच त्याचं नुकसान.

माझ्या गाडीतल्या प्लेटा मात्र आता खरोखरच गेल्या होत्या. घर्षणाच्या प्लेटा काळ्या पडून गुळगुळीत, स्टीलच्या प्लेटांवर निळे डाग. निळा रंग म्हणजे ती प्लेट बेसुमार तापली. काचेच्या तुकड्यावर ठेवून खालून फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) घालून बघितलं तर दोन-तीन प्लेटा वाकलेल्याही होत्या. बहुतेक गाड्यांत घर्षणाची नवी प्लेट तीन मिलिमीटरच्या आसपास जाड असते आणि काही दशांश झिजली की बदलावी लागते. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, कोणाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. साडेसहा हजारांचं दुःख होतंच, पण खरा राग याचा आला की नवीन क्लच आहे या भरवशावर मी अर्धमेल्या प्लेटांवर बायकोला मागे बसवून घाट चढवत होतो.

पुढचा फटका थोडक्यात वाचला. प्लेटांचा सेट ऑनलाइन मागवला, कंपनीचंच नाव, किंमत बरीच कमी. पाकिटावर माल बनवल्याचा महिना-वर्ष नाही, कोणी भरलं त्याचा पत्ता नाही, तक्रारीसाठी नंबर नाही. भारतात बंद पाकिटावर या गोष्टी छापणं कायद्याने बंधनकारक आहे, पाकीटबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार. प्लेटा बाहेर काढून मोजल्या तर एकीची जाडी दुसरीला जुळेना. फोटो काढून परत पाठवल्या, पैसे मिळाले. मग अधिकृत काउंटरवर जाऊन पार्ट नंबर सांगून घेतल्या, पक्क्या बिलावर.

बसवण्याबद्दल फार लिहीत नाही. नव्या प्लेटा बसवण्यापूर्वी इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा, कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चकरीत जळायला लागू शकतात. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण दहा न्यूटन-मीटर पुरतं, दंडाची ताकद दाखवायची ही जागा नव्हे. गॅस्केट नवंच, आणि जुनं खरवडताना ॲल्युमिनियमवर ओरखडा जाऊ देऊ नका, नाहीतर तिथूनच ऑइल पाझरतं. सगळा खर्च त्या साडेसहा हजारांच्या निम्म्याच्या आतच बसला.

वाटेत अनोळखी गॅरेजमध्ये क्लच उघडायची वेळ आलीच, तर आधी एकच करा. कव्हरच्या दोन-तीन बोल्टांच्या डोक्यावरून कव्हरवर जाईल अशी ऑइल पेंटच्या मार्करने रेघ ओढा आणि मिस्त्रीच्या देखत फोटो काढा. बॅगेत मार्कर ठेवायला जागा लागत नाही. कव्हर निघेपर्यंत तिथून हलू नका, जेवण तासाभराने झालं तरी चालतं. जुनी प्लेट बास्केटमधून बाहेर येताना दिसली तरच ती तुमची. पुडक्यात गुंडाळून नंतर हातात आलेली प्लेट म्हणजे पुरावा नव्हे. आणि उघडण्याआधी केबलची चाल स्वतः बघा. नव्वद टक्के मिस्त्री ती आधी बघतील, पण तुमची गाठ उरलेल्या दहांतल्या एकाशी पडलेली असू शकते. (हे टक्के माझ्या मनातले, कोणी मोजलेले नाहीत.)

परत येऊन त्या गॅरेजला फोन केला. आधी म्हणाला, तुम्ही मधे दुसरीकडं कुठंतरी गाडी उघडली असणार. मी फोटो पाठवले: बोल्टांवरच्या अखंड खुणा, भाजलेलं गॅस्केट, आणि शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन प्लेटा, वर व्हर्नियर. शिवाय यूपीआयच्या पावतीचा फोटो. त्यानंतर फोन उचलणं बंद. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि तक्रारीचा नंबर त्याला मेसेज केला. हेल्पलाइन निकाल देत नाही, समोरच्याशी बोलून तोडगा काढायचा प्रयत्न करते. पण सोबत मी त्याला हेही कळवलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी राहतो तिथल्या, म्हणजे पुण्याच्याच, जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा लागत नाही. तारखेला पुण्याला यावं लागेल हे वाचल्यावर त्याचाच फोन आला. अगदी तोच गोड आवाज.

ऑइलचे पैसे मी सोडले, ते त्याने खरंच घातलं होतं. प्लेटा, स्प्रिंगा, गॅस्केट यांचे पैसे त्याने परत पाठवले, पण मजुरी ठेवून घेतली. मी विचारलं, बाबा रे, कव्हर उघडलंच नाहीस, तर मजुरी कशाची?

"सिलिकॉन लावलं न्हवं का सायब."