चार डीव्हीडींचा डबा आणि कडेला उभी असलेली माणसं

मुलीकडे लंडनला, हॅरोला गेलो होतो. तिथे एका धर्मादाय दुकानात, कुणाच्या तरी जुन्या कपबश्यांच्या शेजारी, हा डबा पडलेला होता. किंमत 3 पौंड. मुलगी म्हणाली, "बाबा, हे सगळं ऑनलाइन दिसतं." दिसत असेल. मी तीन नाणी काढून दिली.

आत ईलिंग स्टुडिओचे चार विनोदी चित्रपट आहेत: 'काइंड हार्ट्‌स अँड कॉरोनेट्स' (1949), 'द लॅव्हेंडर हिल मॉब' आणि 'द मॅन इन द व्हाइट सूट' (दोन्ही 1951), आणि 'द लेडीकिलर्स' (1955). चारही चित्रपटांत नट अलेक गिनेस आहे, म्हणून डब्यावर चार वेळा अलेक गिनेसच छापलाय. माणूस थोरच, वाद नाही. पण मी बँकेत नोकरी करता करता आंतरबँक नाट्यस्पर्धांत अकरा नाटकं केली आणि अकराही नाटकांत मिळून माझी वाक्यं एका पानावर मावतील. पोस्टमन, हवालदार, "साहेब, गाडी आली." त्यामुळे मला सवयच लागलीय, नायक बोलत असला की मी कडेला कोण उभं आहे ते बघतो. आणि या डब्यात कडेला जी माणसं उभी आहेत, त्यांच्यासाठी मी 3 काय, 30 पौंड दिले असते. (हिला सांगू नका.)

'काइंड हार्ट्‌स' घ्या. गिनेस एका उमराव घराण्यातली आठ माणसं करतो, त्यात एक बाईसुद्धा. चर्चमधल्या एका दृश्यात त्यातले सहा एकदम दिसतात. छायालेखक डग्लस स्लोकोंब यांनी कॅमेरा खिळवून ठेवून एकाच फिल्मवर पुन्हा पुन्हा चित्रण करून ते साधलं. लोक त्याबद्दलच बोलतात. पण ड्यूकपदासाठी त्या आठांतल्या बहुतेकांना एकेक करून मार्गातून दूर करणारा डेनिस प्राइस सबंध चित्रपट खांद्यावर वाहतो, तोही आवाज न चढवता, जणू चहात साखर किती ते विचारतोय. आणि सुरुवातीलाच माइल्स मॅलेसनचा फाशी देणारा येतो. उद्या खुद्द ड्यूकला फाशी द्यायचंय, या कल्पनेनेच तो भारावलेला. ड्यूकला काय म्हणून हाक मारायची, याचीच त्याला काळजी. हनुवटी जवळजवळ नसलेला, ओलसर डोळ्यांचा हा नट दोन-चार मिनिटं असतो. मी ती पाच वेळा पाहिली. शेवटी एक वार्ताहर येतो, तो आर्थर लो. पुढे 'डॅड्‌स आर्मी' या टीव्ही मालिकेतला कॅप्टन मेनवरिंग म्हणून घरोघरी पोचला तोच. या चित्रपटात एका बालगीतात कृष्णवर्णीयांसाठीचा शिवीवजा शब्द येतो. नातवंडांना घेऊन बसणार असाल तर आधीच माहीत असलेलं बरं.

'लॅव्हेंडर हिल' मी जरा पक्षपाती नजरेने पाहतो, कारण गिनेस त्यात बँकेचा इमानी कारकून आहे. वर्षानुवर्षं सोन्याच्या लगडी पोचवणारा, 'र' नीट न म्हणता येणारा. सोनं वितळवून आयफेल टॉवरच्या खेळण्यांच्या रूपात देशाबाहेर न्यायची त्याची योजना. बँकवाल्यांनो, हसताना जरा जपून, प्रत्येकाच्या डोक्यात कधीतरी असलं काही येऊन गेलेलं असतं. त्याला आणि स्टॅन्ली हॉलोवेला चोर साथीदार हवे असतात, म्हणून दोघं गर्दीत मुद्दाम मोठ्याने बोलत सुटतात की आमची तिजोरी नादुरुस्त आहे हो! त्यातून सिड जेम्स आणि आल्फी बास गळाला लागतात. हे दोघं पडद्यावर आले की चित्रपट सैल होतो, बरं वाटतं.

खरा धक्का बसला तो 'व्हाइट सूट'ने. कधीही न फाटणारं, न मळणारं कापड एक तरुण (गिनेस) शोधून काढतो आणि गिरणीमालक व कामगार दोघंही त्याच्या मागे लागतात. माझे वडील परळच्या गिरणीत साच्यावर होते, 1982च्या संपापर्यंत. मालक आणि कामगार एकाच बाजूला, हे दृश्य त्यांनी पाहिलं असतं तर उठून पाणी प्यायला गेले असते. मालकांचा मालक म्हणून अर्नेस्ट थेसिजर येतो. लोकरी कपड्यांत गुंडाळलेला, सुकलेल्या शेंगेसारखा म्हातारा. त्याला श्वास घेण्याचेही कष्ट, पण खोलीतले बाकीचे सगळे त्याच्या खोकल्याकडे कान लावून. आणि मग गिनेसची घरमालकीण, धुणी धुऊन चार पैसे मिळवणारी. कपडे मळलेच नाहीत तर माझ्या धुण्याचं काय, एवढंच ती विचारते. अख्ख्या चित्रपटाचा प्रश्न त्या बाईच्या एका वाक्यात. तिचं नाव एडी मार्टिन. एवढीशी, चिमणीएवढी. नंतर कळलं, ती 'लॅव्हेंडर हिल'मध्येही आहे आणि 'लेडीकिलर्स'मधल्या चहापार्टीतही.

'लेडीकिलर्स'बद्दल थोडक्यात सांगतो, कारण पहिल्यांदा बघणाऱ्याची मजा घालवायची नाही. किंग्ज क्रॉसजवळच्या एका वाकड्या घरात पाच दरोडेखोर वाद्यवृंदाचं सोंग घेऊन जमतात. गिनेस, सेसिल पार्कर, हर्बर्ट लॉम, पीटर सेलर्स, डॅनी ग्रीन. आणि समोर एकटी केटी जॉन्सन, जन्म 1878चा, छत्री आणि पोपट सांभाळणारी. ब्रिटिश अभिनेत्रीचं बाफ्टा, म्हणजे तिकडचं मानाचं चित्रपट पारितोषिक, तिला मिळालं. मधेच फळांची गाडी आणि घोडा घेऊन फ्रँकी हॉवर्ड येतो आणि त्याची जी दशा होते, त्यावर आमच्या शेजारच्या वहिनी भिंतीपलीकडून विचारू लागल्या, काय झालं म्हणून.

आता तक्रारी. डीव्हीडी कुठल्या देशांत चालेल याचे विभाग ठरलेले असतात: ब्रिटनमधल्या विभाग 2च्या, भारत विभाग 5. डोंबिवलीला आणल्यावर आमच्या प्लेयरने डिस्क तोंडात घेतली आणि परत थुंकली. शेवटी जुन्या लॅपटॉपवर लागल्या. इंग्रजी उपशीर्षकं आहेत आणि ती लावाच, लंडनचे उच्चार माझ्या कानाला अजूनही निसटतात. पण एका डिस्कवर ती बोलण्याच्या आधीच उमटतात, म्हणजे विनोद आधी वाचायचा आणि मग ऐकायचा. पुस्तिका नाही. कोण नट कोण, हे शेवटच्या नामावलीवर बोट ठेवून शोधावं लागतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या उपशीर्षकांचा. एडी मार्टिन उरलेल्या 'काइंड हार्ट्‌स'मध्ये मात्र मला अजून सापडलेली नाही. रविवारी पुन्हा लावणार आहे.