इर्बेच्या थाटाचं हेल्मेट: यातून दिसतं झकास, मारही बसतो सणसणीत

आइस हॉकीच्या गोलकीपरसाठी हेल्मेट आणि जाळी वेगळी मागितली की लॅटव्हियाच्या राजधानीतल्या, रीगातल्या दुकानातला माणूस आधी तुमच्या वयाचा अंदाज घेतो. तरुण गिऱ्हाईक फायबरग्लासचा पूर्ण मास्क नेतं, वर वाघ-सिंह रंगवलेला. मला लॅटव्हियाचा जुना गोलकीपर आर्तुर्स इर्बे आयुष्यभर घालायचा तेच हवं होतं: साधं हॉकी हेल्मेट, पुढं स्क्रूनं बसवलेली तारेची जाळी, आणि गळ्यापुढं लोंबणारी प्लास्टिकची पट्टी. पूर्ण मास्कच्या मानानं बरंच स्वस्त पडलं.

यात दिसतं किती, ते आधी सांगतो. पक, म्हणजे हॉकीतली रबरी चकती, पायाशी घुटमळत असेल तर पूर्ण मास्कमध्ये हनुवटीचा पुढं आलेला भाग नेमका आड येतो आणि मान खाली घालावी लागते. इथं नुसती नजर खाली टाकली की पुरे. आमच्या हौशी लीगमध्ये निम्मे गोल अशाच गोंधळातून होतात, त्यामुळे मला हा फायदा मोठा वाटतो.

इर्बेचे जुने सामने पाहिले की हे आणखी पटतं. रीगाचा हा माणूस उंचीनं पाच फूट आठ इंच. आजचे धिप्पाड गोलकीपर नुसते गुडघ्यांवर बसले तरी अर्धा गोल झाकतात. याला पकच्या मागं झेपावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. १९९३-९४ च्या मोसमात उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल लीगमध्ये सॅन होजे शार्क्स संघासाठी तो ८४ पैकी ७४ सामने खेळला, आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, आठव्या मानांकनाच्या त्या संघानं अव्वल डेट्रॉईटला सात सामन्यांत घरी पाठवलं. त्याच उन्हाळ्यात त्याच्या स्वतःच्याच कुत्र्यानं चावून त्याचे हात फाडले, तरी गडी परत उभा राहिला. २००० साली सेंट पीटर्सबर्गमध्ये जागतिक स्पर्धेत लॅटव्हियानं यजमान रशियाला ३-२ नं हरवलं, तेव्हाही गोलमध्ये हाच. २००२ ची स्टॅनले कपची, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाची, फायनल तर मी या हेल्मेटसाठीच बघतो: एका टोकाला कॅरोलिनाचा इर्बे, दुसऱ्या टोकाला डेट्रॉईटचा गोलकीपर डॉमिनिक हाशेक, आणि दोघांच्याही डोक्यावर हेच हेल्मेट-जाळी. कप डेट्रॉईटनं नेला, पण तिसरा सामना तिसऱ्या ओव्हरटाइमपर्यंत, म्हणजे जादा वेळेच्या तिसऱ्या सत्रापर्यंत, लांबला होता.

आता मार. पक म्हणजे जवळपास १७० ग्रॅमचं कडक रबर. पूर्ण मास्क पुढं निमुळता असतो, त्यावरून पक घसरून जातो आणि दणका पसरतो. ही जाळी सपाट. पक समोरून आला तर सगळा धक्का कपाळ आणि हनुवटीवरच्या पॅडपर्यंत पोचतो, आणि कानात कुणीतरी पितळी परात वाजवल्यासारखं होतं. आमच्याकडचे लोक ऑफिस सुटल्यावर खेळायला येतात, शॉटमध्ये फार दम नसतो, म्हणून चालतं. जोरात मारणाऱ्यांसमोर उभं राहणाऱ्या पोरांना मी हे घेऊ देणार नाही. त्यांनी मुकाट्यानं पूर्ण मास्क घ्यावा. २०२३ मध्ये जागतिक स्पर्धेत लॅटव्हियाला कांस्य मिळवून देणाऱ्या गोलकीपर शिलोव्सच्या डोक्यावरही पूर्ण मास्कच होता.

वजन हलकं, हवा खेळती, घाम डोळ्यांत कमी येतो. आतला फोम मात्र सुमार आहे, कपाळावर लाल वळ उठतो.

जाळी आडव्या-उभ्या दांड्यांचीच घ्या. डोळ्यांपुढं मोठी फट असलेली देखणी जाळी मिळते, पण त्या फटीतून स्टिकचं टोक आत शिरू शकतं. लोंबत्या पट्टीच्या भरवशावर राहू नका, आत गळ्याला मार लागू नये म्हणून बांधायचा गळपट्टा हवाच. जाळी धरणाऱ्या क्लिपा खेळता खेळता सैल होतात, तेव्हा बर्फावर उतरण्यापूर्वी स्क्रू पिळून बघत जा, आणि सुट्या क्लिपांचं पाकीट हेल्मेटबरोबरच घेऊन टाका.