गोचिडाचा औषधी पट्टा: महाशिवरात्रीपासून पोळ्यापर्यंतचा अनुभव

निकाल आधी सांगते. वावरात, ढोरांच्या कोठ्यात आणि नाल्याकाठी दिवस काढणाऱ्या गावठी कुत्र्याला गोचिडाचा औषधी पट्टा घ्यावा का, तर घ्यावा. मात्र कुत्रं झोपतं ती जागा साफ होत नसेल, तर पट्ट्याचे अर्धे पैसे पाण्यात गेले असं समजा.

आमचं घर वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात, वावरातच. लाली गावठी कुत्री, वजन अठरा किलोच्या आसपास, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेलं. दिवसा कोठ्यात, रात्री घरच्या माणसांसोबत जागलीला. रानडुकरं आणि रोही हरभऱ्यात शिरले की पहिली वर्दी तिची. अशा कुत्रीला घरात कोंडून ठेवता येत नाही आणि गवतात जाऊ नको असंही सांगता येत नाही. दर उन्हाळ्यात तिच्या कानात, पंजाच्या बोटांमध्ये आणि शेपटीखाली एरंडीच्या बियांसारखे फुगलेले गोचीड सापडायचे. आज काढले की आठवड्याने परत.

पट्टा घेतला तो इमिडाक्लोप्रिड १० टक्के आणि फ्लुमेथ्रिन ४.५ टक्के असलेला, आठ किलोच्या वरच्या कुत्र्यांचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, घटक वाचून घ्या. मजुराची आठवड्याभराची मजुरी जाईल एवढा महाग आहे. आठवडी बाजारात मिळणारे स्वस्त रंगीत पट्टे नुसता वास मारतात. ज्यावर घटक, बॅच नंबर आणि मुदत छापलेली नाही, तो पट्टा गळ्यात घालण्यात अर्थ नाही.

इमिडाक्लोप्रिड हे नाव आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. कपाशीवरच्या माव्याला आणि तुडतुड्याला फवारतात, बियाण्यालाही लावतात. डबा हातात घेताच मामाजी म्हणाले, "कापसावर मारतो तेच औषध हाय ना हे? मंग लाव ना दोन थेंब तिच्या पाठीले, कायले एवढे पैसे घालवतं?" हा प्रश्न गावात जवळपास प्रत्येकाने विचारला, म्हणून सविस्तर लिहिते. नाव तेच असलं तरी बाटलीतलं औषध पिकासाठी, पाण्यात मिसळून फवारायला बनवलेलं आणि तीव्र असतं. त्यातली इतर द्रावणं कातडीला भाजतात, अंगात शिरतात आणि मात्रा आपल्या हातात राहत नाही. पट्ट्यात औषध प्लास्टिकसारख्या पदार्थात कोंडलेलं असतं. ते रोज थोडं थोडं बाहेर येतं आणि कातडीवरच्या तेलकट थरातून अंगभर पसरतं. फ्लुमेथ्रिन गोचिडांवर आणि इमिडाक्लोप्रिड मुख्यतः पिसवांवर काम करतं. फवारणीचं औषध माणसाच्या अंगात गेलं तर काय होतं, हे यवतमाळ जिल्ह्याने २०१७ च्या हंगामात पाहिलं आहे, फवारणी करणारे शेतकरी-मजूर विषबाधेने दगावले. चाटून चाटून अंग साफ करणाऱ्या जनावरावर तीच बाटली ओतू नका. ढोरांवर लावायचं डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझसुद्धा अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्यावर ओतू नये. तीव्र राहिलं तर कुत्रं थरथरतं, लाळ गाळतं, आडवं पडतं.

पट्टा घालताना त्याच्या आणि मानेच्या मध्ये दोन बोटं सहज शिरली पाहिजेत. उरलेलं टोक दोनेक सेंटीमीटर ठेवून कापून टाकायचं, नाहीतर पिल्लं तेच चघळतात. पट्टा केसांच्या वर लोंबकळत राहिला तर काम करत नाही, कातडीला टेकला पाहिजे. अंगावर आधी चिकटलेले गोचीड त्याच दिवशी हाताने काढले. पट्टा घातल्यावरही जुने गोचीड दोन दिवस तसेच चिकटून राहू शकतात, त्यामुळे "लागू पडत नाही" म्हणून दुसऱ्या दिवशी पट्टा काढून टाकू नका. पहिला आठवडा लाली मान खाजवत होती. कातडी लाल झाली नाही, केस गेले नाहीत, आणि नंतर ती पट्टा विसरली. कोणाच्या कुत्र्याची मान लाल झाली किंवा चट्टा पडला तर पट्टा काढून डॉक्टरांना दाखवा.

होळीपर्यंत फरक स्पष्ट दिसला. गोचीड अजिबात दिसत नाहीत असं मी म्हणणार नाही. वावरातून आल्यावर एखादा अंगावर चालताना दिसतो, एखादा वाळून मेलेला सापडतो. रक्त पिऊन टम्म फुगलेले मात्र चैत्र-वैशाखात जवळजवळ सापडले नाहीत, आणि खरी कमाई ती आहे. गोचीड जितका जास्त वेळ चिकटून रक्त पितो, तितका रोग अंगात जाण्याचा धोका वाढतो.

पट्ट्याची खरी परीक्षा मे महिन्यात झाली. आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि लाली दुपारभर ढोरांच्या टाक्याजवळच्या चिखलात किंवा नाल्यात बसते. पाण्याने पट्टा खराब होत नाही, थोडं भिजणं चालतं. पण सतत भिजणाऱ्या आणि वारंवार साबणाने धुतल्या जाणाऱ्या कुत्र्याला तो लिहिलेल्या मुदतीआधी थकतो. डब्यावर सात-आठ महिने लिहिलेले आहेत. आमच्याकडे आखाडीनंतर, म्हणजे पावसाने गवत माजल्यावर, असर कमी होताना जाणवला. पोळ्याच्या सुमारास कानामागे पुन्हा फुगलेले गोचीड सापडले. पाण्यात बसणाऱ्या वावरातल्या कुत्र्यासाठी पाच ते सहा महिने धरून चालावं, असं माझं मत झालं.

आता जागेबद्दल. याबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून जरा लांब लिहिते. गावात समज असा की कुत्र्याला गोचीड ढोरांमुळे होतात. ढोरांवरचा नेहमीचा गोचीड पिल्लापासून मोठा होईपर्यंत त्याच ढोरावर राहतो. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड मुख्यतः वेगळा. त्याचं पिल्लू मोहरीपेक्षा बारीक आणि सहा पायांचं असतं. ते कुत्र्याचं रक्त पितं, खाली पडतं, कात टाकतं, पुन्हा कुत्र्यावर चढतं, पुन्हा खाली पडतं. मोठी झालेली मादी पोट भरल्यावर शेवटची खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत हजारोंनी अंडी घालून मरते. हा गोचीड वर चढणारा आहे. म्हणून कोठ्याच्या मातीच्या भिंतीत, दाराच्या चौकटीत, खाटेच्या सांध्यात बघा. काही न खाता तो कित्येक महिने तिथे दबा धरून जगतो. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्याहून किती तरी जास्त गोचीड घरात असतात.

आम्ही लालीचं झोपायचं पोतं जाळून टाकलं आणि त्याऐवजी धुता येईल असं जुनं धोतर दिलं. ते दर काही दिवसांनी उकळत्या पाण्यातून निघतं. कोठ्याच्या भिंतीच्या भेगा माती-सिमेंटने बुजवल्या, खालून कमरेएवढी भिंत लिंपून चुना मारला. कोपऱ्यातलं कुटार आणि पऱ्हाटीचा ढीग घरापासून लांब नेला. भिंतीला मशाल लावून गोचीड जाळायचा उपाय काही लोक करतात. कुटाराच्या शेजारी ते करू नका, कोठाच पेटेल. कोंबड्या अंगणात मोकळ्या असतील तर त्याही थोडे वेचतात, पण त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. भेगा बुजवल्यानंतरचा फरक पट्ट्याच्या फरकाएवढाच मोठा होता.

गोचीड काढण्याची पद्धतही सांगते. रॉकेल, चुना, पेटती काडी काही लागत नाही. बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरायचं आणि सरळ वर हळू ओढायचं. फुगलेलं पोट दाबायचं नाही. काढलेला गोचीड बोटांनी चिरडू नका, स्पिरिटच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाका आणि हात धुवा. लालीला यासाठी वळण लावावं लागलं. रोज संध्याकाळी भाकरीचा तुकडा किंवा उकडलेल्या अंड्याचा बलक एका हातात आणि दुसऱ्या हाताने आधी नुसता कानाला स्पर्श. ती शांत राहिली की तुकडा. मग कान उलटून पाहणं, मग पंजा हातात धरणं, मग बोटं फाकवणं. घाई केली नाही आणि धरून दाबलं नाही. आता ती स्वतःहून पंजा पुढे करते. पिल्लू लहान असतानाच हे सुरू केलं तर पुढे लस आणि मलमपट्टी, दोन्ही वेळा झटापट होत नाही.

ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो गोचिडताप. कुत्रं जेवण सोडतं, अंग तापतं, हिरड्या फिक्या पडतात, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके येतात, कधी नाकातून रक्त येतं. लघवी गडद लाल-तपकिरी झाली तर आणखी घाई करा. "उन्हानं झालं" म्हणून घरी थांबू नका. हा ताप आणणारे एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन वेगळे जंतू आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी, म्हणून आधी रक्त तपासणं गरजेचं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. तिथे तपासणी होत नसेल तर नागपूरला सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. एर्लिकियाला डॉक्टर सहसा डॉक्सिसायक्लिन देतात, आणि तेही जवळपास चार आठवडे. आमच्या शेजारच्या कुत्र्याने पाचव्या दिवशी भाकर खाल्ली म्हणून गोळ्या बंद केल्या गेल्या आणि ताप परत आला. डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पूर्ण करा. माणसांच्या तापाच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका, पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही.

पट्टा काय करत नाही, तेही माहीत असू द्या. रेबीजच्या लसीची जागा तो घेत नाही. ती लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा न चुकता द्यायचीच. पोटातल्या जंतांवर त्याचा उपयोग नाही. सात आठवड्यांहून लहान पिल्लाला तो घालू नये. गाभण किंवा दूध पाजणाऱ्या कुत्रीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. घरात लहान मूल असेल तर त्याला पट्टा हाताळू, चोखू देऊ नका. कुत्र्याचा पट्टा मांजराला घालायचा नाही, मांजरांचा वेगळा येतो. पर्मेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध तर मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

गोळ्यांचा पर्यायही आहे. फ्लुरालानरची चघळायची गोळी साधारण बारा आठवडे टिकते, अफोक्सोलानरची एक महिना. पाण्यात बसल्याने त्यांचा असर कमी होत नाही, हा वावरातल्या कुत्र्यासाठी मोठा फायदा. गोळी वजनाप्रमाणे घ्यावी लागते, फ्लुरालानर जेवणासोबत द्यावी. ज्या कुत्र्याला झटके येतात त्याला ही गोळी द्यायची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावं. गोळी दिली तरी गोचीड चावल्यावरच मरतो, हे लक्षात ठेवा.

पोळ्यानंतर जुना पट्टा काढला. तो नाल्यात, विहिरीत किंवा उकिरड्यावर फेकायचा नाही, ही दोन्ही औषधं मासे आणि पाण्यातल्या किड्यांना घातक आहेत. मी तो पिशवीत बांधून बाकीच्या सुक्या कचऱ्यासोबत दिला. कार्तिकापर्यंत गवत उभं असतं, म्हणून तोवर डॉक्टरांना विचारून लालीला गोळी दिली आहे. नवा पट्टा पुढच्या महाशिवरात्रीला घेणार आहे, आणि त्याआधी कोठ्याच्या उत्तरेकडच्या भिंतीला पुन्हा लिंपण.