आईच्या ऑपरेशनमधलं नर्व्ह मॉनिटरिंग, नाशिक

आईचा डावा डोळा लवायला लागला तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाईचा डावा म्हणजे शुभच." दोन वर्षांत ते लवणं गालावरून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरलं. चारचौघांत चेहरा खेचला जातो म्हणून आईने गोदाकाठच्या भाजीबाजारात जाणंच सोडलं. बोटॉक्सचा असर तीन-चार महिने टिकायचा. शेवटी एमआरआयमध्ये दिसलं, मेंदूच्या बुंध्याशी एक रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर टेकली होती. आजाराचं नाव हेमिफेशियल स्पॅझम.

ऑपरेशन गंगापूर रोडला झालं. सर्जन उत्तमच, पण मला लिहायचंय मॉनिटरिंगच्या, म्हणजे ऑपरेशनभर मशीनवर नसांकडे लक्ष ठेवणाऱ्या ताईंबद्दल.

आदल्या संध्याकाळी त्यांनी आईच्या भुवईवर हलका करंट दिला. "मावशी, तुम्ही काही करू नका, पापणी आपोआप मिटेल." स्क्रीनवर दोन लहरी उमटल्या. पहिली 10-12 मिलिसेकंदांत, त्याच बाजूची. दुसरी 30च्या आसपास, दोन्ही डोळ्यांची. भुवईची संवेदना एका नसेने बुंध्यात जाते आणि दुसऱ्या नसेने पापणीला हुकूम येतो. लहर आली म्हणजे सगळी वाट शाबूत. भुलेत दुसरी लहर विझते, पहिली मात्र करंटचे लागोपाठ काही ठोके दिले की मिळू शकते. त्यासाठी भूल शिरेतून हवी, आणि श्वासाची नळी घातल्यावर स्नायू सैल करणारं औषध नको. हे त्यांनी भूलतज्ज्ञांना माझ्यासमोर फोन करून सांगितलं. माझा अर्धा जीव तिथेच भांड्यात पडला.

ऑपरेशननंतर त्यांनी लहरींचा कागद दाखवला. चेहऱ्याच्या नसेच्या डोळ्याकडच्या फांदीला करंट दिला तर हनुवटी हलायला नको. आईची हलत होती, हीच या आजाराची खूण. रक्तवाहिनी उचलून ती आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉन ठेवलं आणि कागदावरच्या पुढच्या ओळीपासून हनुवटीची लहर सपाट! ऐकण्याची नस अगदी शेजारी असते, म्हणून कानात टकटक सोडून तिच्यावरही लक्ष होतं. लहर गेली तरी लवणं थांबायला आठवडे, कधी महिने लागतात, हे आधीच सांगितल्यामुळे तिसऱ्या दिवशी डोळा लवला तेव्हा आम्ही घाबरलो नाही. सातव्या आठवड्यात थांबलं.

रेटिंगमधला एक तारा कापतेय. मॉनिटरिंगचा खर्च अंदाजपत्रकात नव्हता, थेट डिस्चार्जच्या बिलात आला आणि बाबांना ऐनवेळी एटीएम शोधत धावावं लागलं. मॉनिटरिंगसाठी टोचलेल्या सुयांचे निळसर डाग आठवडाभर राहतील, हेही कुणी बोललं नव्हतं.

तारीख घेताना एवढं जरूर विचारा, की ऑपरेशनभर मशीनपाशी कोण बसणार. आमच्या ताई सकाळी आठपासून शेवटचा टाका पडेपर्यंत तिथेच होत्या.